आत्ता समुद्रफूल नको

खाऱ्या पाण्याची नवी टाकी बसवून महिना उलटतो ना उलटतो, तोच त्या घरून फोन येतो. "ताई, पाणी एकदम नितळ झालंय, मासेही मजेत आहेत. आता अ‍ॅनिमोन कधी आणायचा?" माझं उत्तर ठरलेलं असतं: आत्ता नको. पुण्यात घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवून देणं आणि पुढे त्यांची देखभाल करणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय. कोथरूड, सहकारनगर, औंध, बाणेर, खराडी अशी सततची फिरती. या सगळ्या काळात मी 'आत्ता नको' जितक्या वेळा म्हटलं असेल, तितकं दुसरं काही म्हटलं नसेल. या कामाने मला जे शिकवलं, ते बहुतेक त्या दोन शब्दांपाशीच येऊन थांबतं.

अ‍ॅनिमोन म्हणजेच समुद्रफूल हा प्राणी आहे, पोवळ्यांचा आणि जेलीफिशचा जवळचा नातेवाईक. खाली धरून ठेवणारा पाय, वर मधोमध तोंड आणि तोंडाभोवती शुंडकांची दाटी, एवढंच त्याचं शरीर. शुंडकांवर दंशपेशी असतात. लहान मासा किंवा कोळंबी टेकली की त्या फुटतात आणि भक्ष्य जागीच बधिर होतं. घरच्या टाकीत ठेवतात ती समुद्रफुलं मुख्यतः प्रवाळ खडकांच्या उथळ, उबदार पाण्यातली. त्यांच्या शरीरात एकपेशीय शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा समुद्रफुलाला मिळतो. म्हणजे टाकीत एक प्राणी आणायचा आणि त्याच्या पोटातली शेतीही सांभाळायची. दोघांपैकी एकाचं बिनसलं की दुसऱ्याचंही बिनसतं.

मी मूळची रत्नागिरीची. लहानपणी मोठ्या सुकतीला आत्याबरोबर खडपात जायचे. ती कोयतीने कालवं काढायची आणि मी डबक्यांतून फिरायचे. पाणी उतरल्यावर कातळाला चिकटलेले हिरवट-तपकिरी गोळे दिसायचे, अंगाला शिंपल्यांचा चुरा लागलेला. डबक्यात पाणी असेल तिथे तेच उमललेले असायचे. बोट लावलं की शुंडकं हलकेच चिकटायची आणि मग सगळा जीव आत ओढला जायचा. उन्हात डबक्याचं पाणी तापतं, आषाढातल्या पावसात ते जवळजवळ गोडं होतं, दिवसातून दोनदा समुद्र सोडून जातो, तरी ते टिकून राहतात.

म्हणूनच कोकणातले पाहुणे मला हटकून विचारतात, "खडपात तर हे उन्हातान्हात जगतात, मग तुमच्या शहरातल्या टाकीत का मरतात?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की दुकानात मिळणारी जात खडपातली नसते. जगात समुद्रफुलांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी जेमतेम दहा जातींमध्ये क्लाउनफिश राहतात, आणि लोकांना हव्या असतात त्या याच. त्या ज्या पाण्यात वाढतात तिथे खारेपणा वर्षभर जवळपास तोच असतो आणि तापमानही हळूहळूच बदलतं. अंग मिटून वाईट वेळ काढायची भरती-सुकतीची सवय त्यांना नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, घाट चढून आत. तिथे शे-दोनशे लिटरच्या टाकीत समुद्राचं ते ठरावीकपण तयार करायचं, हे माझं काम.

नवी टाकी नेमकी इथेच कमी पडते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू खडकांवर, वाळूत, फिल्टरमध्ये वस्तीला यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य येतात आणि घरच्यांना वाटतं, टाकी तयार झाली. टिकाऊ माशांपुरती ती झालेलीही असते. पण त्यापुढे काचेवर तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ माजतं, मग ते ओसरतं, आणि खूप नंतर खडकांवर जांभळट-गुलाबी कठीण थर धरू लागतो. या प्रत्येक टप्प्यात पाण्याचं रसायन हलत असतं. समुद्रफुलाला हे हलणंच सोसत नाही. मी सहा महिने हा किमान काळ धरते. वर्ष झालं तर उत्तम.

लोक मला आकडे विचारतात, आणि आकडे द्यायला मी कधीच कचरत नाही. विशिष्ट घनता १.०२५, म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. तापमान २५ ते २६ अंश. पीएच ८.१ ते ८.४. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट दहाच्या आत. पण आकडे देऊन झाले की एक वाक्य जोडते: आकडा थोडा इकडेतिकडे असला तर चालेल, पण तो रोज तिथेच असला पाहिजे. सकाळी २४ आणि दुपारी २९ दाखवणाऱ्या टाकीची सरासरी कागदावर छान येते. समुद्रफुलाला मात्र सरासरीत जगता येत नाही.

कोथरूडमधल्या एका घराची गोष्ट सांगते. लेकीच्या वाढदिवसाला वडिलांनी टाकी आणली होती. 'फाइंडिंग निमो' पाहिलेल्या मुलीला त्यातला नारिंगी क्लाउनफिश आणि त्याचं घर, दोन्ही हवं होतं. टाकी भरून पंधरवडाही झाला नव्हता, आणि दुकानातून ताटाएवढं एक कार्पेट अ‍ॅनिमोन आलं. मला बोलावलं ते तिसऱ्या दिवशी. दार उघडताच वास आला. टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं, पलीकडची काच दिसत नव्हती. समुद्रफूल रात्री जागा शोधत सरकलं आणि पॉवरहेडच्या, म्हणजे प्रवाह देणाऱ्या पंपाच्या, जाळीत ओढलं गेलं होतं. फाटलेलं शरीर रात्रभर पाण्यात सडत राहिलं आणि त्यातून सुटलेल्या अमोनियाने मासेही गेले. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी पाणी उपसत असताना तिने विचारलं, "त्याला दुखलं असेल का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवसापासून मी माझ्या कोटेशनच्या कागदावर एक ओळ छापून घेतली: पहिले सहा महिने समुद्रफूल बसवून मिळणार नाही. काही गिऱ्हाइकं त्या ओळीवरून तुटली. दुसऱ्या कोणाकडून तरी ते आठवड्यात मिळतं हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही. धंद्यात 'नाही' म्हणण्याची किंमत मोजावी लागते, ती मी मोजली आणि आजही मोजते. पण जी घरं त्या ओळीनंतरही राहिली, ती वर्षानुवर्षं राहिली.

सहा महिने झाले, टाकी बसली, की मग निवड. पूर्वी मी यासाठी भल्या पहाटे निघून मुंबईला कुर्ल्याच्या बाजारापर्यंतही गेले आहे. दुकानात गेल्यावर खरेदीची घाई करायची नाही. आधी टाकीसमोर उभं राहायचं आणि बघत राहायचं. निरोगी समुद्रफुलाचं तोंड बटव्याची नाडी ओढून आवळल्यासारखं घट्ट असतं. तोंड सैल, उघडं आणि आतलं बाहेर आलेलं दिसलं तर परत फिरायचं. पाय बघायचा, कारण खडकावरून ओरबाडून काढताना तो फाटलेला असला तर जखम भरून येणं कठीण. शुंडकं बोटाला चिकटली पाहिजेत. आणि रंग. पांढरंशुभ्र समुद्रफूल गिऱ्हाइकाला फार आवडतं, पण त्या पांढरेपणाचा अर्थ आतलं शेवाळ निघून गेलंय आणि जीव उपाशी आहे, असा असतो. भडक पिवळी किंवा गुलाबी दिसतात त्यांतली काही चक्क रंगवलेली असतात. रंग काही दिवसांनी उतरतो आणि खाली तोच पांढरेपणा निघतो. निरोगी रंग बहुधा तपकिरी, बदामी, हिरवट असतो. त्याच्यात काय देखणं आहे, हे घरच्यांना दाखवून देणं हेही माझ्या कामात येतं.

नवशिक्यांना मी बबल-टिप जात सुचवते. तिच्या शुंडकांची टोकं कधी कधी फुगीर होतात. तिला खडकातली खोबण लागते. पाय आत दडवून ती उजेडाकडे उमलते. कार्पेट जातीला वाळूचा जाड थर लागतो. जातीला साजेशी जागा आधी तयार ठेवायची, पंपांच्या तोंडांवर स्पंज किंवा जाळी आधी बसवायची, आणि मगच पिशवी सोडायची. पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडत तास-दीड तास जाऊ द्यायचा. नंतर पॉवरहेड थोडा वेळ बंद करून ते खोबणीजवळ टेकवायचं आणि हात बाहेर काढायचा.

हात बाहेर काढणं हाच भाग लोकांना सगळ्यात अवघड जातो. आपण दिवाणखान्यातल्या सोफ्यावरून दिसेल अशी जागा निवडलेली असते. समुद्रफूल पहिल्या आठवड्यात चालायला लागतं आणि नेमकं खडकाच्या मागे जाऊन बसतं. "ताई, जरा पुढे ओढून द्या ना." मी ओढत नाही. उजेड, प्रवाह आणि पायाला आधार हे तिन्ही जिथे जुळतात तिथे ते थांबतं, आणि ते कुठे जुळतात हे त्याच्याइतकं मला कळत नाही. जे रोज फिरतं, त्याला टाकीत काहीतरी सलतंय असं समजून मी आधी पाणी तपासते. जे एका जागी स्थिरावतं ते महिनोन्महिने हलत नाही. मग सोफा हलवायचा. खराडीच्या एका घरी खरोखरच हलवला.

रात्री उशिरा येणारे फोनही ठरलेले. "मेलं बहुतेक. सगळं आक्रसून गोळा झालंय." समुद्रफूल अंगातलं पाणी सोडून आक्रसतं, खाल्लेल्याचा चोथा तोंडावाटेच बाहेर टाकतं आणि काही तासांनी पुन्हा फुगतं. त्याला शरीरात जायला आणि शरीरातून यायला एकच दार. मी फोनवर विचारते: वास येतोय का? शुंडकं सुटून पाण्यात तरंगतायत का? तोंड आ वासलंय का? तिन्हींना उत्तर 'नाही' असेल तर दिवे बंद करा आणि झोपा. सकाळी बहुतेकदा उमललेल्या समुद्रफुलाचा फोटो येतो.

पुण्याच्या हवेने मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. इथे एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि पहाटे बराच खाली येतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री तो दहा अंशांच्या आसपास उतरतो. टाकीला हे दोन्ही झेपत नाही. चिलर कित्येकदा टाकीपेक्षा महाग पडतो, म्हणून लोक टाळतात. मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा पाण्यावर नुसता पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. जुलैत हवा दमट झाली की त्याच पंख्याचा उपयोग फारसा राहत नाही. आणि पंखा चालतो तेव्हा पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. चार दिवस दुर्लक्ष झालं की खारेपणा चढतो. त्यावर घरची मंडळी मीठ कालवलेलं पाणी ओततात, तो आणखी चढतो. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं, तेही रोज, थोडं थोडं. ज्यांना जमत नाही त्यांनी ते आपोआप भरणारं यंत्र बसवावं. समुद्रफुलासाठी करायचा पहिला खर्च मी हाच सांगते. दिव्याचा नंबर नंतर.

हे गोडं पाणी नळाचं चालत नाही. खडकवासल्याच्या पाण्यात क्लोरीन असतं. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, ते जड. आरओ-डीआय गाळणी लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर आणायचा आणि मग मीठ कालवायचं. औंधमधल्या एका घरात सगळं यथास्थित होतं, तरी समुद्रफूल मिटून राहायचं, गोगलगायी मरायच्या. चाचण्या चांगल्या, तापमान चांगलं. एका सकाळी मी टॉप-अपच्या वेळेला तिथे थांबले. आजी स्वयंपाकघरातून शून्य टीडीएसचं पाणी घेऊन आल्या, रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं. माणसाला तांब्यातलं पाणी चांगलं, मग माशांनाही चांगलंच असणार, हा त्यांचा जिव्हाळा. तांबं मात्र समुद्रफूल, गोगलगाय, कोळंबी या बिनकण्याच्या जिवांना अगदी थोड्या प्रमाणातही विषारी असतं, आणि शुद्ध केलेलं पाणी धातू चटकन ओढून घेतं. मी आजींना ते सांगितलं. त्यांनी कळशी उचलली, प्लास्टिकची बादली आणली आणि म्हणाल्या, "मग मला आधी का नाही सांगितलं कोणी? रोज पाणी मीच घालते ना." तेव्हापासून टाकी बसवताना मी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवते. मच्छर मारायचा फवारा, धूप, दिवाळीआधीची रंगरंगोटी, माशांच्या औषधातलं तांबं, सगळं सांगते. टाकीचा मालक एक असतो, पण तिला हात चार जणांचे लागतात.

गुरुवार हा पुण्यात वीज आणि पाणी या दोन्हींच्या दुरुस्तीचा वार. मे महिन्यातल्या एका गुरुवारी बाणेरच्या एका टाकीची वीज सकाळी गेली ती दुपार टळली तरी आली नाही. घरात फक्त कॉलेजात जाणारा मुलगा होता. वीज गेली की आधी प्राणवायू कमी पडतो, उष्णता नंतर चढते. बॅटरीवरचा हवेचा पंप त्यांच्याकडे मी ठेवायला लावला होताच, तो त्याने सुरू केला. फ्रीजरमध्ये बर्फ केलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या होत्या, त्यांतली एकेक तो सम्पमध्ये, म्हणजे टाकीच्या जोडटाकीत, सोडत राहिला. चार बाटल्या एकदम सोडाव्यात असं त्याला फार वाटत होतं. मी फोनवर सांगत होते, एकच, तापमापक बघ, मग दुसरी. पडदे ओढले, दिवे तर बंदच होते, खाणं दिलं नाही. संध्याकाळी समुद्रफूल मिटलेलं होतं, पण जागचं हललं नव्हतं. टाकी दोन वर्षांची होती, खडक जिवाणूंनी भरलेले होते, म्हणून तो दिवस निभावला. नव्या टाकीत तोच मुलगा, त्याच बाटल्या असत्या तरी निभावलं नसतं, असं मला वाटतं.

खाण्याबाबत एवढंच, की प्रेम हाताने कमी आणि डोळ्यांनी जास्त करावं. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणलेली ताजी कोळंबी, मीठ-हळद न लावता, नखाएवढे तुकडे करून गोठवलेली. आठवड्यातून एकदा-दोनदा एक तुकडा चिमट्याने शुंडकांवर टेकवायचा. दोन-चार शुंडकं चिकटतात, मग त्या बाजूची सगळी झुकतात, तुकडा हळूहळू मधे सरकतो, तोंडाची कड पसरते आणि तो आत जातो. हे बघायला घरातली मुलं अभ्यास सोडून येतात. मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी अर्धवट पचलेला बाहेर पडतो आणि पाणी नासवतो. उजेड नीट असेल तर त्याचं पोट बरंचसं उजेडावर भरतं. खाणं वाढवून अंधार भरून निघत नाही.

आणि निमोचं काय? क्लाउनफिशला टाकीत समुद्रफूल लागतंच असं नाही, आणि समुद्रफुलालाही मासा लागत नाही. निसर्गात दोघांचं साटंलोटं खरं आहे. माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला दंश होत नाही. त्याला आसरा मिळतो, त्याच्या विष्ठेतून समुद्रफुलाच्या आतल्या शेवाळाला खत मिळतं, रात्री त्याच्या हालचालीने पाणी खेळतं. पण टाकीत जन्मलेला मासा कधी कधी समुद्रफुलाकडे ढुंकूनही बघत नाही आणि हवेच्या नळीशीच झोपतो. तरीही मी टाकीत जन्मलेलेच मासे घ्या म्हणते. क्लाउनफिशची पैदास आता आपल्याकडे होते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची हॅचरी आहे. समुद्रातून एक जोडी कमी ओढली जाते, हे मला माशाने समुद्रफुलात शिरण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

ओढून आणण्याचा हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. पोवळ्यांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. खडक बांधणारी सगळी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या बरोबरीने. म्हणून मी टाकीत पोवळं किंवा पोवळ्याचा खडक कधी ठेवत नाही. सिमेंटचे आणि चिनीमातीचे बनवलेले खडक वापरते. पण समुद्रफूलही कुठल्या तरी खडकावरून उखडूनच आलेलं असतं. टाकीत ते वर्षभरही जगणार नसेल तर मी नेमकं काय विकते?

याचं उत्तर मला सहकारनगरमधल्या एका निवृत्त काकांनी दिलं. मी सहा महिने थांबा म्हटल्यावर त्यांनी हुज्जत घातली नाही, उलट म्हणाले, "तोवर काय करू ते सांगा." मी म्हटलं, वही करा. त्यांनी शाळेची दोनशेपानी वही आणली. सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान, खारेपणा, किती पाणी घातलं, शेरा. महिन्यानंतर वहीत चढउतार स्पष्ट दिसायला लागले: दुपारी पश्चिमेच्या खिडकीचं ऊन टाकीवर येतं, सुट्टीत पाहुणे आले की पाणी घालायचं राहतं. त्यांनी खिडकीला जाड पडदा लावला, पाणी घालायची वेळ देवपूजेला जोडून घेतली. एकेक ओळ सरळ होत गेली. जवळपास वर्षाने वही मला दाखवून म्हणाले, "आता आणायचं का?" तेव्हा माझ्याकडे नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

त्यांचं बबल-टिप पुढे काही वर्षांनी दुभंगलं. त्यांनी घाबरून बोलावलं म्हणून मला ते समोर बघायला मिळालं. तोंड लांबट झालं होतं आणि पायाची दोन टोकं खडकाच्या दोन बाजूंना चालू लागली होती. मधलं शरीर ताणून पातळ होत होतं. संध्याकाळपर्यंत ते मधोमध फाटलं. दोन अर्धे, कडा फाटक्या, आतला भाग उघडा. काकांना ते बघवेना. मी म्हटलं, काही करू नका, नेहमीप्रमाणे वही लिहा. काही दिवसांत दोन्ही अर्ध्यांनी कडा मिटवून घेतल्या, दोघांनाही आपापलं तोंड झालं, दोन्ही खायला लागली. पुढे त्यातलं एक मी दुसऱ्या घरी नेलं. तिथे त्याची आणखी दोन झाली. आता मी नव्या घरात शक्यतो अशीच, पुण्याच्याच टाकीत वाढलेली समुद्रफुलं देते. त्यासाठी घरच्यांना अधिक थांबावं लागतं, कारण दुभंगण्याचा मुहूर्त कोणी सांगू शकत नाही. पण समुद्रातून काही उखडावं लागत नाही, आणि आधीच टाकीच्या पाण्याला सरावलेला जीव नव्या टाकीत लवकर रुळतो.

याच सुमारास मी स्कॉटलंडमधल्या एका समुद्रफुलाविषयी वाचलं. सर जॉन ग्रॅहम डॅलियेल या निसर्गअभ्यासकाने १८२८ साली नॉर्थ बर्विकच्या किनाऱ्यावरून ते आणलं. ती भरती-सुकतीतली चिवट जात, काचेच्या साध्या भांड्यात ठेवलेली. समुद्राचं पाणी मात्र नेमाने बदललं जायचं. त्याला 'ग्रॅनी' म्हणत. डॅलियेल १८५१ मध्ये वारले, पण ग्रॅनी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली आणि १८८७ पर्यंत जगली. साठ वर्षांच्या आसपास. ज्याने आणलं तो गेल्यावर छत्तीस वर्षं. मला त्यात सर्वांत मोठी गोष्ट वाटली ती ही, की प्रत्येक वेळी पुढचा सांभाळणारा सापडला. समुद्रफुलाला ठरावीक म्हातारपण असं दिसत नाही. बाहेरून काही बिघडलं नाही तर ते जगत राहतं. मग टाकीत ते सहा महिन्यांत गेलं, तर त्याचं आयुष्यच तेवढं होतं असं आपण म्हणू शकत नाही.

हे वाचल्यावर माझा प्रश्न बदलला. पुणं आता बदलीचं शहर आहे. हिंजवडीत, खराडीत नोकरी करणारी माणसं तीन-चार वर्षांत बंगळूरला, हैदराबादला, परदेशी जातात. घर आवरताना सोफा विकता येतो, टाकीही विकता येते. समुद्रफुलाचं काय करायचं हे मात्र शेवटच्या आठवड्यात सुचतं. तेव्हा घाईघाईने खडकावरून सोलून काढलेलं समुद्रफूल माझ्या हाती येतं, आणि ते वाचतंच असं नाही. म्हणून सहा महिने पूर्ण झाले, वही भरली, पाणी स्थिर झालं, की समुद्रफूल आणण्याआधी मी आता आणखी एक गोष्ट विचारते: तुमची बदली झाली तर हे कोणाकडे जाईल? काही जण हसतात, काहींना राग येतो. पण काही जण खरंच विचार करतात, शेजारच्या विंगमधल्या टाकीवाल्यांशी बोलतात, आणि पुढच्या भेटीला मला नाव सांगतात. ते नाव मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते आणि मगच सांगते, आता आणू या.